गाळलेली ओळ

"ती ओळ आज गायची नाही," बारच्या काउंटरमागून व्हर्लीन म्हणाली.

कोय स्टॉलिंग्ज गिटारीच्या खुंट्या पिळत होता. त्यानं मान वर केली नाही. "कुठली?"

"तुला माहितेय कुठली."

माहीत होतं. अख्ख्या पूर्व टेक्ससला माहीत होतं. तुरुंगाचं जुनं गाणं. त्यातला कैदी गजांआडून आपला गुन्हा सांगतो: ग्लास कमी भरला, म्हणून बारवाल्याला गोळी घातली. आजोबांच्या पिढीत ही ओळ आली की माणसं हॅट काढून जमिनीकडे बघत. कोयनं गाणं नव्यानं गायलं. चाल पळती केली, ड्रम वाढवले. रेडिओनं ते उचललं. आता ती ओळ आली की बारभर बाटल्या उंचावतात, आरोळी उठते.

व्हर्लीनचा नवरा रॉइस याच काउंटरमागे उभा असायचा. मार्चमध्ये एका गिऱ्हाइकानं त्याला तिथंच गोळी घातली. आता तिथं ती उभी असते. दर शनिवारी. ती आरोळी ऐकत.

"लोक त्या ओळीसाठीच येतात, मिस व्हर्लीन."

"येऊ देत. प्यावं, नाचावं, घरी जावं. माझ्या नवऱ्याच्या मरणावर नाचू नये."

"गाण्यातला माणूस रॉइस नाहीये."

"मग कोण आहे? नाव सांग. मारणाऱ्याला तीन कडवी, आणि मेलेल्याला साधं नावही नाही?"

कोयनं गिटार मांडीवर आडवी ठेवली. त्याला या बारमध्ये पहिल्यांदा गायला उभं केलं होतं ते रॉइसनंच.

"नाही गाणार," तो म्हणाला. "शब्द देतो."

रात्री बार भरला आणि गाणं सुरू झालं. पहिलं कडवं. दुसरं. मग ती जागा आली. कोयनं ओठ मिटले. ड्रम थांबले.

. . . . . . . . . .

त्या रिकाम्या जागेत सगळा बार घुसला. ओळ लोकांनी गायली. घसा फाडून, बूट आपटून. इतकी मोठी आरोळी या छतानं कधी ऐकली नव्हती. लाकूड गिरणीतला हार्लन काउंटरवरच बसला होता. रॉइसच्या शवपेटीला त्यानं खांदा दिला होता. त्यानं बाटली व्हर्लीनच्या तोंडासमोर नाचवली. "अगं, तू पण म्हण की. तोंडाला काय कुलूप लावलंय?"

तिनं त्याच्या हातातली बाटली काढून घेतली आणि मोरीत रिकामी केली. हार्लन हसत राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

गाणं संपल्यावर कोय काउंटरपाशी आला. पांढराफटक पडला होता. "मी नाही गायलो. तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं, पोरा."

"मला वाटलं नव्हतं ते असं..."

"जा. पाणी पी."

पुढच्या शनिवारी कोयनं ती ओळ पुन्हा गाळली. या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. ड्रम थांबले, आणि त्यानं हसत हसत माइक लोकांपुढे धरला.