हजार नावांत

सर जाऊन सात महिने झाले होते. त्यांच्या विद्यार्थिनीने, मृण्मयीने, छापून आलेला शोधनिबंध काकूंच्या हातात ठेवला.

“ह्यांनी नक्की काय शोधलं गं?”

“शिशाची अणुकेंद्रकं जोरात आदळली की आतले क्वार्क, म्हणजे पदार्थाचे सगळ्यात बारीक कण, क्षणभर मोकळे होतात. निवताच पुन्हा एकमेकांना धरतात. एकटा क्वार्क कधी सापडत नाही.”

“आणि हे बघायला बावीस वर्षं मला एकटीला ठेवून जिनिव्हाला जायचे.”

काकूंनी चष्मा लावला आणि प्रयोगात सहभागी हजार लेखकांच्या यादीवरून बोट फिरवलं. ते एका नावापुढच्या बारीक क्रुसापाशी थांबलं.

“हयात नसलेल्यांच्या नावाला अशी खूण करतात,” मृण्मयी म्हणाली.

काकूंनी बोट उचललं नाही. “बरं केलंत. एवढ्या गर्दीत मला सापडले नसते.”