वाट्याचं रडणं

नाचणगावातल्या त्या दाराशी चंद्रभानजी थांबले आणि त्यांनी आधी खिशातला कागद चाचपून पाहिला. त्यावर तीन सह्या होत्या, एक अंगठा होता. पाचवी जागा रिकामी होती. नागपूरच्या घोडेस्वारीच्या शाळेनं त्यांना आठ खोगिरांचं काम दिलं होतं, पण अट घालून: चामड्यापासून बकलापर्यंत वस्तूनवस्तू आपल्या देशात घडलेली पाहिजे, आणि ज्यानं घडवली त्याची सही पाहिजे. आंजीत चामडं कमावणाऱ्या म्हाताऱ्यानं अंगठा दिला. पवनारच्या गोपाल सुतारानं लाकडी सांगाड्यासाठी सही केली. खोगिराखालच्या लोकरी नमद्याचं झालं, दोऱ्याचं झालं. राहिलं पितळी बकल.

बकल सदाशिव ओताऱ्याचं. आणि सदाशिवचं नाव चंद्रभानजींपुढे काढायला एकोणीस वर्षं बंदी होती.

भांडण कशावरून झालं, देव जाणे. कोणी म्हणे पटाच्या शर्यतीतल्या बैलावरून, कोणी म्हणे वांग्याच्या भाजीतल्या मिठावरून. पण चंद्रभानजी भर पंगतीत बोलून गेले होते, "त्याचं नाव जो काढन, त्यानं माह्या घरचं पाणी पिऊ नाई!" लोकांनी त्या शब्दाची अशी काही राखण केली की विचारू नका. बसचा कंडक्टर म्हणे त्यांना तिकीट देताना नाचणगावाचं नावसुद्धा गिळून टाकी. वर्ध्याचे हार्डवेअरवाले बंडूजी बकलांची पिशवी पुढे ठेवून एवढंच म्हणत, "तिकडून आली." कारण राग आपल्या जागी, पण त्या भट्टीतल्याशिवाय दुसरं बकल चंद्रभानजींनी खोगिराला कधी लावलं नाही. बाहेरदेशची चकचकीत बकलं बाजारात ढिगानं पडली होती. घोडा उधळला की त्यांचा काटा मोडतो आणि स्वार खाली येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर आज सही घ्यायची, आणि सही घेताना दोन शब्द बोलायचे. 'सदाशिव, झालं गेलं.' बसमध्ये त्यांनी ते ओठातल्या ओठात घोकूनही पाहिले होते.

अंगणात भट्टीशेजारी सदाशिवची बायको, वच्छलाबाई, बकलाला कानस मारत बसली होती. हात काळे, तोंड काळं. कपाळावर इतकी काजळी की कुंकू आहे की नाही तेही कळेना.

"वयनी," चंद्रभानजी म्हणाले, "हाय का घरी?"

कानस थांबली. तिनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग हातातलं बकल खाली ठेवलं, मातीत मांडी घातली, पदर तोंडावर घेतला आणि गळा काढला.

"आले जी, तुमचे दोस्त आले! उठा ना जी, पाहा तं कोण आलं! चार वर्षं रस्ता पाह्यला व माय, आता आले!"

मयतीनंतर जो माणूस पहिल्यांदा दारी येतो, त्याच्यासाठी घरातल्या बाईनं नव्यानं रडायचं असतं. उशीर झाला म्हणून ते चुकत नाही. ते त्याच्या वाट्याचं रडणं असतं. चंद्रभानजींच्या वाट्याचं त्या बाईनं चार वर्षं राखून ठेवलं होतं.

भट्टीच्या कठड्याला धरून ते खाली बसले. रडणं संपेपर्यंत बसून राहिले. मधे बोलायचं नसतं.

वच्छलाबाईनं डोळे पुसले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. चार वर्षं झाले."

"मले कोणीच सांगतलं नाई."

"कसं सांगन जी? बंडूजी दोन डाव तुमच्या घरी येऊन गेले. तुमच्या सुनेनं आल्या आल्या पाणी देलं, ते पेले. मंग नाव कसं काढाव? तसेच वापस आले."

चंद्रभानजींनी समोरच्या बकलांकडे पाहिलं. "अन् हे?"

"माह्याच हातचे. साचे त्याइचेच हायेत."

त्यांनी एक बकल उचलून हातात घेतलं. दोन वर्षांपूर्वी बंडूजींच्या दुकानात बकलाचा काटा वरखाली करून पाहत तेच म्हणाले होते, "तिकडं सांगजा, म्हातारपणी हात सुधारला म्हणा."

"तुमचा निरोप भेटला होता," वच्छलाबाई म्हणाली, जणू तिनं मनातलं वाचलं. "मी फोटोपुढं उभं राहून सांगतला त्याइले. हसले असतीन."

चंद्रभानजींनी कागद काढून तिच्यापुढे धरला. तिनं लुगड्याला हात पुसले, कागद दूर धरून वाचला.

"कोणाचं नाव लिहू?"

"ज्याचा हात, त्याचं."

तिनं एकेक अक्षर जपून काढत आपलं नाव लिहिलं.

तेवढ्यात शेजारची मयुरी पिठाच्या हातांनीच धावत आली. रडणं ऐकून तिनं गॅस बंद केला होता. "काय झालं व काकू? कोण गेलं?"

वच्छलाबाई चंद्रभानजींकडे पाहत राहिली.

"सदाशिव," चंद्रभानजी म्हणाले.

मयुरी बावचळली. "आबाजी, त्याइले तं चार वर्षं झाले!"

"तुमच्यासाठी झाले, पोरी." त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडायला घेतल्या. "माह्यासाठी तो आज गेला. एक बादली पाणी आण. आंघोळ करा लागते."