उजवीकडची सीट

डेलबर्टने रिकाम्या गाडीत दुधाचा क्रेट डावीकडे ठेवला होता. त्याच्या बायकोने, नॉरीनने, तो उचलून उजवीकडे ठेवला.

"अगं, आपल्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं!" डेलबर्ट म्हणाला. "एवढी वर्षं बघतेयस ना?"

"बघतेय. म्हणूनच सुरुवात इथून."

गाडी १९६९ची शेव्हेल. अजून नुसता पत्र्याचा सांगाडा. जुन्या गाड्या नव्याने उभ्या करून विकायच्या, हा डेलबर्टचा धंदा. त्याची पद्धत अशी, की आधी क्रेटवर बसायचं, डोळे मिटायचे, तोंडाने इंजिनचा आवाज काढायचा आणि हात आपोआप जाईल तिथे गिअरच्या दांड्याची खूण करायची. इंडियानातल्या आपल्या शेडमध्ये त्याने अशा अकरा गाड्या उभ्या केल्या. सगळ्या त्याला अंगावर बेतून शिवल्यासारख्या बसल्या. गिऱ्हाइकांच्या मात्र कशाबशा गळ्यात मारल्या. अकरावी, हिरवी, तर तीन लिलावांतून परत येऊन दारात उभी होती.

ही बारावी विकली गेली नाही तर शेड जाणार होती. पैसे नॉरीनचे होते. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबून निवृत्तीला जे हातात आलं, ते सगळं तिने या सांगाड्यात घातलं होतं. एकाच अटीवर. गाडी ती सांगेल तशी.

"नारिंगी रंग, वर काळे पट्टे," डेलबर्टने अजून आशा सोडली नव्हती.

"गडद निळा. पट्टे नाहीत."

"निळा? पाद्र्याला विकायचीय का?"

"पाद्र्याने घेतली तर पाद्र्याला विकीन. बाहेरून जुनी, आहे तशी. आतून आजची. किल्ली फिरवली की सुरू होणारं इंजिन, नीट लागणारे ब्रेक, गारेगार एसी. आणि आवाज गाडीच्या बाहेर."

"आवाजासाठीच तर घेतात लोक!"

"घेतात कुठे?"

डेलबर्टकडे याचंही उत्तर होतं. नाचता येईना, अंगण वाकडं. हिरवी गेली नाही ती रंगामुळे, पावसामुळे, लिलाव पुकारणाऱ्याला सर्दी झाली होती म्हणून.

खरं काय झालं ते नॉरीनने डोळ्यांनी पाहिलं होतं. गेल्या लिलावात एक साठीचे गृहस्थ हिरवीच्या स्टिअरिंगमागे बसले, लहान पोरासारखे हसत. बायको शेजारी बसली. डेलबर्टने त्यांना मैदानाला एक फेरी मारायला लावली. फेरी संपली तशी ती बाई उतरून चालू लागली. गृहस्थांनी तिच्या पाठीकडे पाहिलं आणि बोली लावायचा पुठ्ठा गुपचूप काखोटीला मारला.

"घेणारा इथे बसतो," नॉरीनने डावीकडे बोट दाखवलं. मग क्रेटवर हात आपटला. "पण घ्यायची की नाही, ते इथे ठरतं. बस इथे."

"असले चोचले पुरवले तर ती शेव्हेल राहायची नाही. सोफा होईल सोफा!"

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? नॉरीन चिडली होती, आणि घाबरलीही होती. या माणसाच्या हट्टापायी आपली सव्वीस वर्षं पाण्यात जाणार, असं तिला वाटलं. तिने खिळ्यावरची हिरवीची किल्ली काढली.

"चल. मी चालवते."

डेलबर्ट स्वतःच्या हातच्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे बसला. लग्न झाल्यापासून ती जागा नॉरीनची होती.

मक्याच्या शेतांमधून तिने गाडी दामटली. पहिला मैल तो मजेत होता. दुसऱ्या मैलाला खालचा पत्रा तापला आणि त्याने पाय वर घेतले. पेट्रोलचा वास नाकात गेला. धरायला काही नव्हतं, त्यामुळे वळणावर तो दारावर जाऊन आदळला. मग तो काहीतरी बोलू लागला, हातवारे करू लागला. नॉरीनची नजर रस्त्यावर होती. धान्याच्या कोठारापाशी तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

डेलबर्ट खाली उतरला. बुटाचा तळवा त्याने बोटाने चाचपला. रबर मऊ झालं होतं.

"निळा तर निळा," तो शेवटी म्हणाला. त्याचा घसा बसला होता. "खाली जाड अस्तर, दोन थर. धरायला मूठ. मोठे सायलेन्सर. तू म्हणतेस तसं सगळं. पण मी केव्हाचा बोंबलतोय, थांब, थांब म्हणून! तुला ऐकू आलं नाही?"

"नाही," नॉरीन म्हणाली. "तुला तरी तीस वर्षांत कुठे आलं?"