रखडलेली बोट

"एकच पलंग आहे, पण ऐसपैस आहे," लॉजची मालकीण दोन्ना अमालिया हिनं खोलीचं दार उघडत सांगितलं. "आणि बाल्कनीतून अख्खं बंदर दिसतं. नव्या जोडप्यांना मी हीच खोली देते."

रोक्कोनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. कागदांवर दोघांचं आडनाव एक. फिलोमेनाच्या बोटात नवी कोरी अंगठी. अर्जेंटिनाची बोट रखडली होती आणि नेपल्सच्या बंदराजवळचं एकूण एक लॉज भरून गेलं होतं. ही माझी भावजय आहे म्हणून सांगावं, तर दोघांना एका खोलीत कोण ठेवून घेणार?

"चालेल," तो म्हणाला. फिलोमेनानं हातातलं बोचकं पलंगावर न ठेवता खाली जमिनीवर ठेवलं.

तिचं लग्न झालं होतं दोनातोशी, रोक्कोच्या थोरल्या भावाशी. दोनातो आठ वर्षं तिकडे अर्जेंटिनात होता. तिनं त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. लग्नासाठी एवढा समुद्र ओलांडून कोण येतो! त्यानं मुखत्यारपत्र धाडलं आणि चर्चमध्ये त्याच्या जागी धाकटा रोक्को उभा राहिला. डोंगरातल्या गावांत तेव्हा असली लग्नं सर्रास होत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. आता तिला बोटीत बसवून दिलं की रोक्को सुटला. तिच्या गावातून त्या बोटीनं गेलेली एकही मुलगी परत आली नव्हती. आणि बसलीच नाही, तर तेव्हा त्यांच्या देशात घटस्फोट नव्हता आणि गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

रोक्को जेवणघरातल्या बाकावर झोपू लागला. सकाळी उठला की बोट कंपनीच्या कचेरीत जाऊन बोटींच्या वेळांचा फळा बघून यायचा. "आज नाही, वहिनी," तो दारातूनच हळू आवाजात सांगायचा. ती मान हलवायची. आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात आलं की तिला स्वतःचीच लाज वाटायची. मग ती धुतलेलाच झगा पुन्हा धुवायला काढायची. बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर जायचं कुठं ते कळायचं नाही. रोक्कोचंही काही वेगळं नव्हतं. एका सकाळी तो तीनदा फळा बघून आला.

"नवी लग्नं झालेली माणसं घरात कोंडून बसतात होय?" दुसऱ्या दिवशी दोन्ना अमालियानं दोघांना बाहेर पिटाळलं. गल्लीत रोक्को गावच्या रीतीप्रमाणं चार पावलं पुढं चालू लागला. वरच्या खिडकीतून लगेच दोन्ना अमालियाचा आवाज आला, "अरे ए, बायको घेऊन चाललायस की शेळी? हात धर की तिचा!"

सगळी गल्ली हसली. भाजीवाल्यानं तर शिट्टी मारली. रोक्को लालबुंद झाला, मागं आला आणि त्यानं तिचा हात धरला. वळण येईपर्यंत धरायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. वळण मागं पडलं, मासळीबाजार संपला, धक्का आला, तरी हात सोडायचं दोघांनाही सुचलं नाही. मग त्यानं एकदम सोडला आणि तळलेला पिझ्झा आणायला म्हणून निघून गेला.

चौथ्या दिवशी दोन्ना अमालियानं फिलोमेनाला स्वयंपाकघरात गाठलं. "खरं सांग पोरी, भांडलात का? नवरा रोज बाकावर झोपतो. अशानं संसार कसा व्हायचा?"

फिलोमेनानं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडली. म्हातारीचा हात कांद्यावर तसाच थांबला.

"अगं बाई! म्हणजे नवरा एक आणि पेटी उचलायला दुसरा?" ती म्हणाली. कांदा बाजूला सारला. मग तिनं हळूच विचारलं, "आणि तुला जायचंय का?"

तेवढ्यात बंदरातून भोंगा वाजला आणि रोक्को धापा टाकत जिना चढून आला. "वहिनी, आली!" त्याचा चेहरा मात्र घरात कुणी गेल्यासारखा झाला होता.

धक्क्यावर ही गर्दी. आया गळ्यात पडून रडत होत्या, पोलीस रांग सरळ करत होते. पेटी रोक्कोच्या खांद्यावर होती, तिच्या हातात एक बोचकं. फाटकाच्या पलीकडे फक्त तिकीटवाल्यांना सोडत होते. रांग पुढं सरकली. फिलोमेना जागची हलली नाही.

"चला, वहिनी," रोक्को म्हणाला. "दोनातो वाट बघत असेल. चांगला आहे तो. तुम्हाला सुखात ठेवील."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मागचे लोक कुरकुरू लागले. रोक्कोनं पेटी खाली ठेवली. त्याला रडू येत होतं आणि ते लपवण्यासाठी तो रागानं बोलू लागला.

"असं बघू नका माझ्याकडं. पाद्रीबाबांपुढं मी 'हो' म्हणालो ते त्याच्या वतीनं. कळलं? त्याच्या वतीनं म्हणालो मी!"

"ते तुमचं झालं, रोक्को," फिलोमेना रांगेतून बाहेर येत म्हणाली. "मी कुणाच्या वतीनं बोलत नव्हते. शेजारी जो उभा होता, त्याला मी 'हो' म्हणाले."