सतरा नंबरचा नमुना

स्लाइडवर एकही शुक्राणू नव्हता. मास्तरनं भिंगातून तीनदा पाहिलं, मग शेजारच्या फॉर्मवरची जन्मतारीख पाहिली आणि तो खुर्चीत ताठ झाला. एकोणतीस फेब्रुवारी! चार वर्षांतून एकदा वाढदिवस येणारा माणूस अख्ख्या प्रयोगशाळेत एकच. सगळे त्याला ‘अजून दहाच वर्षांचा आहे बिचारा’ म्हणून चिडवायचे. ढब्बू!

ढब्बू पलीकडच्या खोलीत मेणाच्या ठोकळ्यांत बसवलेल्या नमुन्यांचे यंत्रावर कागदाहून पातळ काप काढायचा आणि मास्तर ते भिंगाखाली तपासायचा. सध्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा अभ्यास चालू होता. मूल होत नव्हतं अशा पुरुषांच्या अंडकोषांचे जपून ठेवलेले जुने तुकडे तपासायचे होते. शुक्राणूंना दाईसारख्या सांभाळणाऱ्या आधारपेशी असतात. निकामी प्रथिनं मोडून झाडलोट ठेवायची, हे त्यांचं काम. सतरा नंबरच्या नमुन्यात ती झाडलोटच बंद पडलेली. पेशींत त्या निकामी प्रथिनांच्या तपकिरी ठिपक्यांचा नुसता खच, आणि बीज म्हणून काही वाढलेलं नाही. नमुना नऊ वर्षांपूर्वीचा होता. ढब्बूची पोरगी सहा वर्षांची.

फॉर्मवरची नावं आणि जन्मतारखा काळ्या शाईनं खोडून मगच ते पुढे पाठवायचे, हे काम ढब्बूचंच. सतरा नंबरवरचं नाव खोडलेलं होतं. जन्मतारीख खोडायला मात्र गडी विसरला होता.

मास्तरला हसू आवरेना. काय जळला होता तो त्या पोरीवरून! स्वतःच्या लग्नाला अकरा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता, आणि हा मेला रोज डबा उघडायच्या आधी फोन उघडणार. पिल्लूनं दात पाडला, पिल्लूनं भिंत रंगवली, बघ ना मास्तर, बघ की! त्यात मास्तरची बायको दर रविवारी पिल्लूशी खेळायला ढब्बूकडे जायची. परत यायची ती चेहरा फुलवून, आणि मास्तरच्या पोटात दुखायचं. आपण मूल दत्तक घेऊ या का, असं तिनं एकदा विचारलं होतं. “परक्याचं ते परक्याचंच,” म्हणून त्यानं एका वाक्यात विषय संपवला होता. पुन्हा तिनं तोंड उघडलं नाही.

‘मग पोरगी कुणाची रे, बाबा?’ हा प्रश्न जिभेवर घोळवत तो फॉर्म घेऊन पलीकडे गेला. आता या फुशारक्या मारणाऱ्याचं तोंड कसं पडतं, ते त्याला डोळे भरून पाहायचं होतं.

“एका फॉर्मवरची तारीख खोडायची राहिली रे तुझी,” त्यानं आवाजात साखर घालून म्हटलं.

ढब्बूनं यंत्राचं चाक थांबवलं. घाबरला नाही, गडबडला नाही.

“राहिली नाही. ठेवली,” तो म्हणाला. “पिल्लू दत्तक आहे, मास्तर. चार महिन्यांची होती, संस्थेतून आणली तेव्हा, तू इथं लागायच्या आधी. तुला सांगायचा धीरच होईना. परक्याचं मूल म्हटलं की तू अंगावर येतोस. म्हटलं, माझ्या तोंडून नाही, तर निदान भिंगातून दिसलेलं तरी मानशील.”

मास्तरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या सुखावर तो जळत होता, ते त्यानंच आपल्या दारातून हाकलून लावलं होतं. पण हार मानायला जीभ तयार होईना.

“असेल. पण मला कशाला सांगतोस? माझा काय संबंध?”

ढब्बूनं हातावरचं मेण पुसलं.

“कारण वहिनींनी त्याच संस्थेचा अर्ज दोन वर्षांपूर्वीच भरून ठेवलाय. तुझी सही तेवढी हवी आहे.”