खुर्चीचं माप

"दोन्ही बाजूंना एकच कापड लाव," द्वारकाबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं. "वरून एक आणि खालून भलतंच, असला देखावा माझ्या घरात चालायचा नाही."

सोफे दुरुस्त करणारा दशरथ हॉलच्या मधोमध मांडी घालून बसला होता. समोर कापडांच्या तुकड्यांचा जाडजूड अल्बम, फोमचे तीन तुकडे, खडू, टेप. मोठ्या सोफ्याच्या लाकडावर त्यानं खडूनं 'टीव्ही' लिहून ठेवलं होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर 'दार'. नेताना-आणताना घोळ नको म्हणून.

"काकू, खालची बाजू बघतंय कोण? समदे काळं कापड लावत्यात. कापड वाचतं."

"वाचलेल्या कापडाचं झबलं शिवणार आहेस का?"

सून अपूर्वा लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसली होती, शनिवार असूनही. "आई, अहो, हा फोम आहे. कापूस नाही, दबला की उलटायला. दशरथदादा, क्रीम कलर फायनल. कडेची पायपिंग त्याच रंगाची. बटणं नकोत, धूळ बसते. आणि गाद्या खाली फिक्स करून टाका."

फिक्स. द्वारकाबाईंनी अल्बमातला क्रीम कापडाचा तुकडा सोडवून हातात घेतला.

दिवाळीपासून त्यांना खोकला आला, हसू आलं, की लघवी आवरता आवरत नव्हती. दुपारी घरात कोणी नसताना त्या बाल्कनीच्या दाराजवळच्या ह्याच कोपऱ्यातल्या खुर्चीत मालिका बघत बसायच्या, आणि डोळा लागला की झालंच. मग ओल्या फडक्यानं पुसायचं, गादी उलटी घालायची, साडी बदलायची. सून हिंजवडीच्या ऑफिसातून यायच्या आत सगळं जागच्या जागी. डॉक्टरला सांगितलं नाही, लेकाला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. जिच्यापुढं तोंड उघडायला सोसायटीचा चेअरमन दोनदा विचार करायचा, त्या बाईनं हे बोलायचं कुठल्या तोंडानं?

सकाळी तीच खुर्ची नवऱ्याची, महिपतरावांची. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा पेपर तिथंच व्हायचा. आत्ता दशरथनं खालची गादी ओढून काढली तरी ते नुसत्या लाकडी पट्ट्यांवर बसून वाचत होते.

दशरथनं त्या गादीला पातं लावलं. शिवण उसवत गेली. आतला कापूस बाहेर आला, आणि त्याच्यावरचे पिवळे डागही, एकाभोवती एक.

"पानी सांडलं व्हतं का काय?"

"चहा," द्वारकाबाई ताडकन म्हणाल्या. "ह्यांचं दुसरं काय? चाळीस वर्षं झाली, अजून कपबशी धड धरता येत नाही."

अपूर्वा वाकली. तिचं नाक आक्रसलं. तिनं ते लगेच सरळ केलं. शिकलेली मुलगी.

"आई, हा चहा नाहीये."

द्वारकाबाईंना उत्तर द्यायला उशीर झालाय, असं उभ्या जन्मात कधी घडलं नव्हतं. आत्ताही घडलं नाही.

"वय झालं त्यांचं," त्या म्हणाल्या.

महिपतरावांनी पेपर खाली घेतला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला. बायकोकडं पाहिलं नाही.

"हो," ते म्हणाले. "होतं मधूनमधून."

"अहो बाबा, मग सांगायचं ना!" लहान मुलाशी बोलावं तसा अपूर्वाचा आवाज झाला. "त्यात लाजायचं काय? माझ्या आजोबांनाही होतं. सोमवारी मी हाफ डे घेते, डॉक्टरकडे जाऊन येऊ. दशरथदादा, ही खुर्ची तेवढी रेक्झिनची करा. आतून प्लास्टिक टाका. बाकी सगळं क्रीमच." तेवढ्यात तिचा फोन वाजला. "येस, येस, जॉइन करतेय," म्हणत ती लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली. दार लागलं.

द्वारकाबाईंच्या हातात क्रीम कापडाचा तुकडा होता. त्यांनी तो इतका चुरगळला होता की आता तो अल्बमात परत बसला नसता.

दशरथनं टेप उलगडली. "काका, तसंच बसून ऱ्हावा. गुडघ्यापातूर माप घेतो, त्यावर फोमची जाडी ठरती. उंच झालं, पाय लोंबकळले, की माणसाला वेळंवर उठता येत न्हाय."

महिपतराव उठून उभे राहिले. "हिचं घे."

"वेड लागलंय का तुम्हाला?" द्वारकाबाई म्हणाल्या. पण नेहमीचा दरारा काही आवाजात आला नाही.

"माझे पाय काय, कुठंही टेकतात," पेपरची घडी घालत ते म्हणाले, आणि खुर्चीपासून बाजूला झाले.

दशरथनं मान वर केली नाही. टेपचं टोक जमिनीला लावून तो नुसता थांबला.

आतून अपूर्वाचं इंग्रजी ऐकू येत होतं. द्वारकाबाई आल्या. निऱ्या सावरून त्या उघड्या पट्ट्यांवर टेकल्या आणि दोन्ही पावलं फरशीवर जुळवून ठेवली, शाळेतल्या बाकावर ठेवतात तशी. दशरथनं माप घेतलं. खुर्चीच्या पुढच्या पायावर खडूनं आकडा लिहिला. मग हात थांबला. त्यानं एकदा आतल्या बंद दाराकडं पाहिलं, आणि आकड्यापुढं 'काका' असं लिहिलं.

द्वारकाबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. उठताना त्यांची नजर खाली गेली. ती दोन अक्षरं त्यांना चष्म्याशिवाय वाचता आली.