कालिंदीचा कावळा

कालिंदीचा दहावा होता. पैठणच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. संभाजीनगरहून आलेली मंडळी उन्हात ताटकळली होती.

"ताई, वैदेहीचं लग्न थाटात करू," भावानं शब्द दिला. "आई, तुझ्या झाडांना रोज पाणी घालीन," वैदेही म्हणाली. कावळे फांदीवरून हलेनात.

"अनंतराव, बाईंचं काय राहिलंय? नीट आठवा," गुरुजी म्हणाले.

अनंतरावांना बायकोचा लाडका नॉर्वेचा बँड आठवला. नुसती वाद्यं, गाणारा कुणी नाही. कालिंदी त्यांच्या दौऱ्यांच्या तारखा दिनदर्शिकेवर एकादशीशेजारी लिहायची. "यात गाणारा कधी येतो गं?" असं ते दर वेळी मधेच विचारायचे आणि ती खवळायची. ज्या नव्या अल्बमची ती वाट पाहत होती, तो कालच आला होता.

त्यांनी मोबाइलवर तो लावला. एक कावळा लगेच खाली उतरला आणि पिंडाशेजारी मान वाकडी करून बसून राहिला. चोच काही लावेना.

गुरुजी कंटाळले. "अहो, यात गाणारा कधी येतो?"

 

"गप बसा हो गुरुजी," अनंतराव कुजबुजले. "मधे बोललेलं चालत नाही तिला. संपलं की शिवेल."